आत्या, चौदा नंबर आणि थंड पाणी

आत्या बादली भरत होती. कोपऱ्यातल्या थंड पाण्याच्या नळाखाली निळी प्लॅस्टिकची बादली, आणि आत्याची नजर दाराकडे. पाणी काठावरून सांडायला लागलं तरी तिला पत्ता नाही. शेवटी मीच पुढे होऊन नळ बंद केला.

"दाराला कडी लाव," ती म्हणाली.

"कशाला?"

"भिंगरे, सांगितलंय तेवढं कर."

भिंगरी म्हणजे मी. एका जागी बसत नाही म्हणून. शाळेतही बसले नाही, नववीत सोडली. आता स्कूटरवरून पार्सलं पोचवते, आणि काम संपलं की आत्याला घ्यायला स्टेडियमवर जाते. स्टेडियमच्या तळघरात बास्केटबॉलच्या टीमची धुलाईखोली आहे. दोन मोठी मशीनं, एक सुकवायचं यंत्र, भिंतीला पंधरा खुंट्या आणि आत्या. अठरा वर्षं.

मी कडी लावली. आत्यानं ढकलगाडीतून चौदा नंबरचा पट्टा काढला.

हा पट्टा काय असतो ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रत्येक खेळाडूला एक जाड कापडी पट्टा असतो, त्यावर त्याचा नंबर. मॅच संपली की तो आपली चड्डी, बनियन, मोजे, टॉवेल सगळं त्या पट्ट्यात ओवतो, बक्कल लावतो आणि ढकलगाडीत टाकतो. पट्टा तसाच्या तसा मशीनमध्ये जातो. त्यामुळे याचा मोजा त्याच्याकडे असं होत नाही. पण मशीनमध्ये टाकायच्या आधी आत्या प्रत्येक पट्टा बघते. कुठे रक्त असेल तर तो कपडा बाजूला, थंड पाण्यात. रक्ताला गरम पाणी लागलं की डाग मरेपर्यंत जात नाही. हे तिनं मला मी दहा वर्षांची असताना शिकवलं होतं.

तर तिनं चौदा नंबर सोडला. बनियन दिव्यासमोर धरलं, पुढून, मागून. चड्डी उलटी केली. मोजे आतून बघितले. टॉवेल तर असा बघितला, जसं काही त्यावर बारीक अक्षरात पत्र लिहिलंय. मग सगळं परत ओवलं, मशीनमध्ये टाकलं, आणि भरलेली बादली उचलून मोरीत ओतून दिली.

"मग भरली कशाला होती?" मी विचारलं.

"काढ कडी," ती म्हणाली. "आणि भूक लागलीय मला."

मी म्हटलं असेल काहीतरी. मॅच एका गुणानं हरलो होतो, पत्रकार जिन्यावरून खाली घुसतात, म्हणून कडी. मी फार विचार करणाऱ्यातली नाही.

बाहेर गेटवाल्यानं सांगितलं. "ऐकलं का? शिडीनं पंचांच्या खोलीचं दार फोडलं. काचेत मुठी घातल्या. रक्त पडलंय सगळीकडे."

शिडी म्हणजे चौदा नंबर. एवढा उंच की आमच्या धुलाईखोलीत येताना दारातच अर्धा होतो. शेवटच्या क्षणाला पंचांनी त्याचीच चूक धरली होती आणि तिथंच मॅच गेली. मॅच झाल्यावर कोणीतरी मोबाईलवर काढलेलं चित्रण घरी पोचायच्या आत माझ्या फोनवर आलं. शिडी टॉवेल डोक्यावर घेऊन बोळातून चाललाय, वाटेतली पाण्याची बाटली लाथेनं उडवतोय. बोळ पंचांच्या खोलीकडेच जातो. झालं. सगळ्यांनी दोन अधिक दोन केलं.

मीसुद्धा केलं, खोटं कशाला बोलू. शिडी मला कधीच आवडला नव्हता. हसत नाही, सही मागणाऱ्याकडे बघत नाही, टॉवेल तोंडावर ओढून निघून जातो. माज, दुसरं काय.

"त्यानं केलेलं नाही," आत्या स्कूटरवर मागून म्हणाली.

"चित्रण बघितलंस ना?"

"बाटलीला लाथ मारली. बाटली म्हणजे दार नव्हे. पुढे बघून चालव."

घरी आलो तर खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू जिन्यातच उभ्या. काकूंना आत्याच्या नोकरीत आत्यापेक्षा जास्त रस. अठरा वर्षं त्यांचे तेच प्रश्न. पितात का हो ते? पोरी येतात का? एकमेकांत मारामाऱ्या होतात म्हणे? आणि अठरा वर्षं आत्याचं एकच उत्तर, "घाम येतो त्यांना."

त्या दिवशी काकूंचा विजय होता. "मी म्हणतच होते. उंची वाढली, पैसा आला, की डोकं ठिकाणावर राहत नाही या लोकांचं. असेच असतात हो ते."

"किती जणांना ओळखता काकू?" आत्यानं विचारलं.

"ओळखायला कशाला हवं? दिसतंच की."

"मी पंधरा जणांचे मोजे धुते," आत्या म्हणाली. "मला नाही दिसत ते."

हे तिचं खरं होतं. आत्या माणूस तोंडावरून ओळखत नाही, पट्ट्यावरून ओळखते. सात नंबर, ज्याला पेपरवाले सज्जन म्हणतात, जो लहान मुलांना उचलून फोटो काढतो, तो ओले कपडे जमिनीवर टाकून जातो आणि पट्टा दुसऱ्याला भरायला लावतो. म्हणजे त्यांच्यातही नग आहेत, आत्या काही सगळ्यांची आरती ओवाळत नाही. पण चौदा नंबर? चार वर्षांपूर्वी तिनं त्याला एकदाच सांगितलं होतं, की बाबा, बोटांना गुंडाळलेली चिकटपट्टी मोज्यात राहते आणि माझ्या मशीनची जाळी तुंबते. त्या दिवसापासून त्याच्या पट्ट्यात चिकटपट्टीचा एक तुकडा सापडला नाही. कपडे सुलटे केलेले. मोज्यांची गाठ मारलेली. हरला तरी, जिंकला तरी.

"आणि टॉवेल तोंडावर का घेतो, तर घाम डोळ्यांत जातो," आत्यानं मला भाकरी मोडता मोडता सांगितलं. "लेन्स लावतो तो. चुरचुरतं. आंधळ्यासारखा चालत असतो, तुम्ही म्हणता माज."

"मग सांगायचं ना त्यानं."

"तुला विचारलं होतं का कोणी शाळा का सोडली? सगळ्यांनी आपापलं ठरवलं. तू गेलीस का सांगायला?"

माझं तोंड बंद करणारी जगात एकच बाई आहे.

सोमवारी कळलं, गुरुवारी अकरा वाजता चौकशी. लीगची तीन माणसांची समिती येणार. दोषी ठरला तर पूर्ण हंगाम बाहेर. शिडी एकतीस वर्षांचा आहे. त्या वयात एक हंगाम बाहेर बसलेल्याला परत कोणी घेत नाही. म्हणजे एका दारासाठी माणसाचा खेळच संपणार होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं सुजलेली होती, आणि तोच पुरावा धरला होता. तो म्हणत होता, तिसऱ्या सत्रात बॉल लागला. कोण ऐकतो.

आणि सोमवारीच मॅनेजरसाहेबांचा शर्ट खाली आला.

मॅनेजर म्हणजे क्लबचा साहेब. कडक इस्त्री, टाय, सगळ्यांशी गोड. आत्याची नोकरी दर वर्षी त्याच्याच सहीवर पुढे चालते. त्याचे शर्टही वर्षानुवर्षं आत्याच धुते, फुकट, कोणी तिला विचारलेलं नाही. शिपाई पिशवी टेकवून जातो. या वेळी पिशवीवर चिठ्ठी होती, चहा सांडलाय, गुरुवारी सकाळी हवा. क्लबचा पांढरा शर्ट, खिशावर चिन्ह. चौकशीला सगळ्या पदाधिकाऱ्यांनी तोच घालायचा होता आणि साहेबाकडे एकच होता.

बुधवारी मी गेले तेव्हा आत्या तो शर्ट मांडीवर घेऊन बसली होती. उजव्या बाहीच्या टोकाला वीतभर तपकिरी डाग.

"हे काय आहे?" तिनं मला विचारलं.

"चहा. चिठ्ठीत लिहिलंय."

"चिठ्ठी नको वाचू, डाग वाच. चहा गरम पाण्यानं फिका पडतो. याला कोणीतरी गरम पाण्याखाली धरून चोळलंय, साबण लावून. बघ, कापड रखरखीत झालंय. आणि डाग फिका पडायचा सोडून घट्ट बसलाय."

मला कळायला दोन क्षण लागले. रक्त होतं ते.

"त्याच्या हाताला पट्टी आहे," मी म्हणाले. "सकाळी पार्सल द्यायला वर गेले होते, तेव्हा बघितली. गाडीच्या दारात हात सापडला म्हणाला."

"मलाही तेच म्हणाला," आत्या म्हणाली. "मी म्हटलं, जपा साहेब."

दोन माणसं, दोन दुखरे हात. एकाची गोष्ट सगळ्यांनी लगेच मानली, कारण त्याच्या गळ्यात टाय होता. दुसऱ्याची कोणी ऐकूनही घेतली नाही, कारण तो उंच होता आणि हसत नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

"मी आत्ता वर जाते," मी म्हणाले. "त्याच्या टेबलावर टाकते शर्ट आणि विचारते सगळ्यांसमोर."

"बस खाली. वर जायचंय, पण शर्ट मी देणार. गुरुवारी सकाळी मागितलाय ना? गुरुवारी सकाळी मिळेल."

"नोकरी जाईल तुझी."

आत्यानं शर्टाची घडी घातली. "गेली तर गेली. तू आहेस ना पार्सलवाली."

गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही दोघी तिसऱ्या मजल्यावर. आत्या एप्रनमध्ये, हातात हँगरवर कडक इस्त्री केलेला शर्ट. मी मागे, हेल्मेट काखेत. दारावरचा माणूस म्हणाला, आत चौकशी चाललीय. आत्या म्हणाली, "साहेबांनीच मागितलाय, उशीर झाला तर मला ओरडतील." आणि आत.

लांब टेबल, तीन माणसं, मधले अध्यक्ष म्हातारे, कानाला यंत्र. सगळ्यांसमोर चहाचे कप. एका बाजूला शिडी, खुर्चीत मावत नव्हता, गुडघे टेबलाला लागलेले, मान खाली. दुसऱ्या बाजूला मॅनेजर, साध्या शर्टात. तो बोलत होता.

"...मी स्वतः त्याला त्या बोळात जाताना बघितलं. काय आहे साहेब, हे लोक असेच असतात. आम्ही सांभाळून घेतो, पण किती सांभाळणार?"

मग त्याला आत्या दिसली. "आत्ता कशाला आणलात? ठेवा बाहेर."

"देऊन जाते साहेब. फक्त एक विचारायचं होतं, डाग गेला नाही म्हणून. चहाच होता ना?"

"हो हो, चहाच. ठेवा."

"नक्की? कारण मला बोलणी बसतात, डाग ओळखता येत नाही म्हणून."

"अहो बाई, चहा सांडला माझ्या हातून. झालं समाधान?"

"झालं," आत्या म्हणाली. आणि ती बाहेर जायच्याऐवजी टेबलापाशी गेली, अध्यक्षांच्या समोरच. शर्टाची बाही पसरली. एप्रनच्या खिशातून पांढरा रुमाल काढला, अध्यक्षांचा कप उचलला आणि त्यांच्याच चहात रुमालाचं टोक बुडवलं.

"हे काय चाललंय?" बाजूचा एक म्हणाला.

"अर्धा मिनिट द्या," आत्या म्हणाली. दुसऱ्या खिशातून बाटली निघाली. टीमच्या डॉक्टरच्या पेटीत असते ती, जखम धुवायच्या औषधाची. पाण्यासारखं दिसतं, पण रक्ताला लागलं की फसफसतं. आत्या रोज वापरते. तिनं आधी रुमालावर दोन थेंब टाकले. काही नाही. चहा तसाच.

मग बाहीवर दोन थेंब.

पांढरा फेस आला. थोडासाच, रुपयाच्या नाण्याएवढा, पण टेबलाच्या चारी बाजूंनी दिसला.

"हे रक्त आहे," आत्या म्हणाली. "थंड पाण्यात टाकलं असतं तर दहा मिनिटांत निघालं असतं आणि मला कधी कळलं नसतं. साहेबांनी गरम पाण्यात धुतलं. या खोलीत एक बाई असती, तर हे सांगायला मला तीन मजले चढावे लागले नसते."

मी तिच्या मागे उभी होते. तिचा आवाज तोच होता, ज्या आवाजात ती मला दूध आण म्हणते.

मॅनेजर हसला. खाई त्याला खवखवे, पण हा हसला. "असेल, रक्त असेल. हात गाडीच्या दारात सापडला होता ना. माझ्या लक्षात नाही राहिलं."

"आत्ताच तर चहा म्हणालात," मी म्हणाले. मला बोलायचं नव्हतं, तोंडातून निघालं.

"ही कोण?"

"माझी भाची," आत्या म्हणाली. "तिला गप्प बसता येत नाही, माफ करा."

अध्यक्षांनी कानातलं यंत्र नीट केलं. त्यांनी शिडीचा हात बघितला, सुजलेला, निळा, पण कुठे चीर नाही. मग मॅनेजरकडे वळले. "दारात सापडलेलं बोट मी बघितलंय, माझ्या नातवाचं. नख काळं पडतं. काचेनं कापलेलं वेगळं दिसतं. पट्टी सोडा जरा."

मॅनेजरनं पट्टी सोडली नाही. डावा हात उजव्यावर ठेवून बसून राहिला. तेवढं पुरलं.

अध्यक्ष आत्याला म्हणाले, "तुम्हाला पहिल्यापासून खात्री होती, की यानं केलं नाही?"

"कपडे बघितल्यावर झाली," आत्या म्हणाली. "टॉवेल, बनियन, चड्डी, मोजे. एक थेंब नव्हता. काचेत मूठ घालणाऱ्याच्या कपड्यांवर एक थेंब तरी पडतो."

शिडीनं पहिल्यांदा मान वर केली. नुसतं बघत राहिला तिच्याकडे.

संध्याकाळपर्यंत निकाल. शिडी निर्दोष. मॅनेजरनं आठ दिवसांत तब्येतीचं कारण देऊन राजीनामा दिला. नंतर कळलं, त्या सामन्यावर त्याची बढती अवलंबून होती. शिडीवरचा आरोप पेपरात अर्ध्या पानावर आला होता. निर्दोष सुटल्याची बातमी काडेपेटीएवढी, शाळांच्या निकालांच्या खाली. मी ती कापून काकूंच्या दारात सरकवली. काकूंनी दार उघडून सांगितलं, "हो का? पण चेहऱ्यावरून वाटत नाही हो."

पुढचा सामना आमच्याच स्टेडियमवर, दुपारी. सामन्याआधी दिवे बंद करतात, खेळाडू समोरासमोर दोन रांगा करतात, आणि माईकवाला एकेकाचं नाव घेतो, तसा तो मधून टाळ्या देत धावत येतो. शिडीचं नाव घेतलं, तर शिडी नाहीच. लोक शिट्ट्या मारायला लागले. माझ्या मागचा एक जण म्हणाला, "बघ, आला नाही. नखरे."

मग जिन्याच्या तोंडाशी दिवा पडला. शिडी वाकून तळघराच्या दारातून बाहेर येत होता, आणि त्याच्या हातात आत्याचा हात. ती एप्रनमध्ये, बाह्या वर केलेल्या, कोपरापर्यंत साबण. अठरा वर्षांत तिनं कोर्ट कधी सामन्याच्या वेळी बघितलं नव्हतं. माईकवाल्याला काय बोलावं कळेना. शिडीनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

"आणि आपल्या धुलाईखोलीतून," माईकवाला म्हणाला, "अठरा वर्षं, एकही मोजा न हरवलेली..."

पुढचं ऐकूच आलं नाही. आत्या त्या दोन रांगांमधून चालत गेली. प्रत्येकाच्या कमरेला लागत होती. रांगेतल्या प्रत्येकानं वाकून तिच्या ओल्या हातावर टाळी दिली. सात नंबरनंसुद्धा. त्याला ती हळूच काहीतरी म्हणाली. नंतर मी विचारलं तर म्हणे, "कपडे उचलून ठेव म्हटलं."

सामना आम्ही एकोणीस गुणांनी जिंकला. शिडी टॉवेल डोक्यावर ओढून बाहेर निघाला, तेव्हा तो मागचा परत म्हणाला, "जिंकला तरी माज बघ."

मी मागे वळले. "डोळे चुरचुरतात त्याचे. लेन्स आहे. आणि तुमच्या शर्टावर कॉफी सांडलीय, गरम पाण्यानं धुवा, जाईल."

दोन वर्षांनी आत्या निवृत्त झाली. खोली आवरायला मी गेले होते. निळी बादली घरी न्यायची की टाकायची, असं विचारताना मला तो शनिवार आठवला.

"त्या दिवशी बादली कशाला भरली होतीस?"

आत्यानं पंधरा खुंट्या एकेक करून फडक्यानं पुसल्या. मग सांगितलं. तू यायच्या आधी शिपाई ओरडत आला होता, शिडीनं दार फोडलं, रक्त पडलंय. आणि तिला ते खरंच वाटलं होतं.

"मग रक्त असतं तर?"

"म्हणून तर थंड पाणी भरलं होतं," ती म्हणाली.